हजार यार्डासाठी स्कोप: आधी टरेट बघ, मग काच

अरे, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहिलंस की ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर मेंबर झालास, ६.५ क्रीडमूर काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल घेतलीस, वर्षभरात १००० यार्डावर मारायचंय आणि स्कोपसाठी, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीसाठी, हजार-बाराशे डॉलर बाजूला काढलेत. दुकानवाला म्हणतो जास्तीत जास्त झूमवाला घे, मित्र म्हणतो काच जर्मनच पाहिजे, आणि तू मला विचारून राह्यला की काका, किती पॉवरचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा घेऊ. लोकमान्य नगरात तुमच्या गच्चीवर तू एअरगनने डबे पाडायचास ते मी पाहिलंय, म्हणून मनापासून आणि जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस. माझी नोकरीतली शेवटची बरीच वर्षं महूला रायफली आणि त्यांच्यावरच्या दुर्बिणी सांभाळण्यात गेली, आता इंदूरला घरी बसूनही कोणी ना कोणी रायफल घेऊन येतंच, त्यामुळे जे लिहितो ते हाताखालून गेलेलं आहे.

पॉवर हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे बघ. स्कोपकडून तुला दोन कामं हवीत, एक निशाणा दिसणं आणि दुसरं म्हणजे गोळी किती खाली पडणार, वारा किती ढकलणार, तेवढं मोजून नळीला बरोब्बर तितकं वर आणि बाजूला वळवणं. १०० यार्डावर पहिलं काम मोठं असतं, १००० यार्डावर दुसरं. आणि दुकानात फक्त पहिलं काम दिसतं, कारण दुकानात तू काचेतून समोरच्या इमारतीची पाटी वाचतोस, टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची गोल नॉब, फिरवून गोळी कुठे गेली ते थोडंच बघतोस!

पॉवरचं वेड डोक्यातून काढायला आपल्या स्वप्नील कुसाळेचं उदाहरण घे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा, २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ, ४५१.४ स्कोअर. त्या खेळात दुर्बीण चालतच नाही, मागे बारीक भोक असलेली पीप साईट आणि पुढे गोल रिंग, बस. आणि तिथलं दहाचं वर्तुळ किती? १०.४ मिलिमीटर. आता कोनात हिशोब कर, ५० मीटरवर १०.४ मिमी म्हणजे ०.२ मिलच्या जवळपास (मिल म्हणजे हजाराला एक असा कोन). तुमच्याकडे एफ-क्लास नावाचा जो खेळ चालतो त्यात १००० यार्डावर दहाचं वर्तुळ १० इंचाचं असतं, म्हणजे साधारण ०.२८ मिल. म्हणजे कोनाने बघितलं तर स्वप्नीलचं दहा तुझ्या हजार यार्डाच्या दहापेक्षा लहान, आणि तो भिंगाशिवाय त्यात मारतो, त्यातही एक पोझिशन उभ्याने. तर निशाणा मोठा दिसला की लागतो हे खरं नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने एम-४० रायफलवर कित्येक वर्षं उनर्टलचा फिक्स १० पॉवरचा स्कोप वापरला, आपल्या फौजेने ड्रॅगुनोव्हवर पीएसओ-१ वापरला तो तर फक्त ४ पॉवरचा, २४ मिमीच्या भिंगाचा. मी असं म्हणत नाही की तू ४ पॉवरचा घे. ५-२५ (म्हणजे ५ ते २५ पॉवर) किंवा ४.५-२७ असल्या रेंजमधला घे, छान आहे, पण २५ आणि ३५ मधला फरक बघून पैसे देऊ नको.

झूम जास्त झाल्यावर काय होतं ते महूला दर उन्हाळ्यात दिसायचं. आपली माळव्याची काळी माती, एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर ती अशी तापते की जमिनीवरून हवा उकळल्यासारखी वर येते. आम्ही त्याला मिराजच म्हणायचो, मृगजळ म्हणजे वेगळंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. एकदा एक नवीन पोरगा २४ पॉवरवर नेऊन ६०० मीटरचा टार्गेट बघत होता, टार्गेट पाण्यात पडलेल्या पोळीसारखा हलत होता, आणि तो त्याच्या मागे नेम फिरवत होता. त्याला म्हटलं बारावर आण. बारावर आणला तसं टार्गेट लहान झालं पण एका जागी थांबलं, आणि वर मिराज कुठल्या बाजूला वाहतोय ते दिसायला लागलं, म्हणजे वारा पण फुकटात कळला. ह्यूस्टनची दमट गरमी मी पाहिलेली नाही पण गवताचं मैदान आणि वर ऊन म्हटलं की तुझा बराचसा नेमबाजीचा वेळ १२ ते १८ पॉवरमध्येच जाणार हे धरून चाल. दुसरं गणित सोपं आहे, पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या खांबाची जाडी. ५० मिमी भिंग आणि २५ पॉवर म्हणजे २ मिमी. ती जाडी कमी झाली की डोकं जरा हललं तरी चित्र काळं पडतं, आणि संध्याकाळी अंधुक दिसतं. ५० च्या भिंगावर ४० पॉवर केलीस तर सव्वा मिमी राहते, मग डोळा शोधतच बस.

आता इथूनच फर्स्ट फोकल प्लेनचा मुद्दा निघतो, आणि हा नीट समजून घे कारण दुकानात हे दोन ओळींत उरकतात. रेटिकल म्हणजे आतल्या रेघा. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये पॉवर वाढवली की रेघाही टार्गेटबरोबर मोठ्या होतात, त्यामुळे १ मिलची खूण कुठल्याही पॉवरवर १ मिलच राहते. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेघा तेवढ्याच राहतात, त्यामुळे खुणा एकाच पॉवरवर खऱ्या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. आता विचार कर, तू २४ पॉवरचा सेकंड प्लेनचा घेतलास, मिराज आला, तू १२ वर आलास, वाऱ्यासाठी दोन खुणा बाजूला धरून मारलंस. तुझ्या डोक्यात २ मिल, पण १२ वर ती दोन खुणांची जागा ४ मिलची झालेली असते. १००० यार्डावर १ मिल म्हणजे ३६ इंच, तर तू सहा फूट बाजूला. आणि तुझ्या गोळीला ताशी १० मैलाचा आडवा वारा असला तर हजारवर साधारण २ मिलच धरावे लागतात, म्हणजे ही काल्पनिक गोष्ट नाही, पहिल्याच वाऱ्याच्या दिवशी होणार.

पण तुझा क्लब जर एफ-क्लास खेळत असेल तर गोष्ट फिरते. तिथे अंतर ठरलेलं, टार्गेट ठरलेला, आडवं पडून सावकाश मारायचं, तिथे लोकं मुद्दाम सेकंड प्लेनचे १५-५५ सारखे स्कोप लावतात कारण बारीक रेघ आणि बारीक क्लिक हवे असतात. आणि त्यातल्या एफ-टीआर प्रकारात फक्त .२२३ आणि .३०८ काडतुसं चालतात, बायपॉड (पुढचे दोन पाय) आणि स्कोप धरून वजन ८.२५ किलोच्या आत, म्हणजे तुझी क्रीडमूर तिथे चालायचीच नाही, तुला ओपन प्रकारात जावं लागेल, तिथे १० किलो. पीआरएस टाईप खेळ असेल, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावरच्या लोखंडी प्लेटा, घड्याळ लावून, कधी ड्रमवरून कधी भिंतीवरून, तर फर्स्ट प्लेन आणि मिलच घे, दुसरा विचार करू नको. तू कुठला खेळ ते लिहिलंच नाहीस. मी पुढचं सगळं पीआरएस किंवा नुसत्या प्लेटा वाजवायच्या असं धरून लिहितो, बहुतेक नवीन लोकं तिकडेच जातात.

मिल की एमओए हा वाद मी लांबवणार नाही. दोन्ही कोनाचीच मापं, १ एमओए म्हणजे १०० यार्डावर १.०४७ इंच, १ मिल म्हणजे कुठल्याही मापात हजाराला एक, १००० मीटरवर १ मीटर, १००० यार्डावर १ यार्ड. आपण सेंटीमीटरमध्ये वाढलेली माणसं, ०.१ मिलचा क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर हे डोक्यात आपोआप बसतं. पण खरं कारण वेगळं आहे, तुझ्या शेजारी बसून जो तुझी गोळी कुठे पडली ते सांगणार तो ज्या भाषेत बोलतो तीच तुझ्या स्कोपची भाषा पाहिजे. त्याने "पॉइंट चार डावीकडे" ओरडलं आणि तू तिथे ३.४४ ने गुणत बसलास तर वारा बदलून जातो. एकच गोष्ट पक्की बघ, रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात असावेत. मिलच्या रेघा आणि एमओएचे टरेट असले मिक्स स्कोप अजून जुन्या बाजारात मिळतात, स्वस्त म्हणून उचलू नको.

आता टरेट. माझा सगळा जीव इथे आहे. तुझी १४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २७०० फूटच्या आसपास सुटत असेल आणि १०० यार्डावर झिरो असेल, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेली असेल, तर १००० यार्डासाठी साधारण ९ मिल वर जावं लागेल. ९ मिल म्हणजे ९० क्लिक. त्या ९० क्लिकमधला प्रत्येक क्लिक खरंच ०.१ मिल आहे का, हे काचेतून बघून कळत नाही, खोक्यावर लिहिलेलं असतं ते छापखान्यातलं आहे.

महूला असताना माझ्याकडे एक ७.६२ ची रायफल आली होती. १०० मीटरवर सुंदर ग्रुप, पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पण ६०० मीटरला नेली की दर वेळी खाली. मारणारा चांगला होता, त्याच्यावर संशय नव्हता. मी ॲक्शनचे स्क्रू उघडले, बेडिंग म्हणजे दस्त्यातली बैठक बघितली, नळी दस्त्याला कुठे टेकते का ते कागदाची पट्टी फिरवून बघितलं, गोळ्यांचा लॉट बदलला, एकदा तर क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, पण तपासला. दोन महिने गेले यात. वर बसलेल्या स्कोपकडे कोणाचं लक्षच नाही कारण त्याची काच इतकी स्वच्छ होती की बघणारा आधी वाहवा करायचा. शेवटी एका सकाळी टार्गेटवर उंच कागद लावला, ओळंबा सोडून रेघ मारली, टरेट १० मिल वर फिरवला आणि मारलं. कागदावर १०० सेंटीमीटर वर जायला पाहिजे होतं, गेलं ९६. परत केलं, परत ९६. चार टक्के. ६०० मीटरला त्या गोळीला ५ मिलच्या आसपास लागतात, त्याचे चार टक्के ०.२ मिल, म्हणजे १२ सेंटीमीटर खाली. बरोब्बर तेवढंच खाली जात होतं! मला त्या दिवशी आनंद पण झाला आणि त्या पोराने दोन महिने स्वतःला दोष दिला त्याचं वाईटही वाटलं, तो रोज संध्याकाळी येऊन विचारायचा साहेब माझंच काही चुकतंय का.

तर ही टेस्ट तू नवीन स्कोप लावल्यावर पहिल्या आठवड्यात करायचीच, दुकानाची परत घ्यायची मुदत संपायच्या आत. कागदाचा मोठा रोल घे, पाच फूट लांब. अंतर टेपने मोज, रेंजवर १०० लिहिलेल्या पाटीवर विश्वास ठेवू नको, त्या पाट्या कधी ९७ वर असतात कधी १०३ वर, आणि तीन यार्डाची चूक म्हणजे तीन टक्के, जेवढी चूक तू शोधायला निघालास तेवढीच तू घालून बसशील. कागदावर ओळंब्याने सरळ उभी रेघ मार, खाली एक ठिपका काढ. झिरोवर पाच गोळ्या त्या ठिपक्यावर. मग १० मिल वर, नेम त्याच ठिपक्यावर, पाच गोळ्या. दोन्ही ग्रुपच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोज, १०० यार्डावर ३६ इंच यायला पाहिजे. ३५ आलं तर तुझा स्कोप कमी चालतो, मग ३६ भागिले ३५ म्हणजे १.०२९ हा आकडा रायफलच्या वहीत लिही आणि ॲपमध्ये भर, गोळी किती पडेल ते काढणारे बरेचसे बॅलिस्टिक ॲप हा आकडा घेतात. अर्धा-एक टक्का इकडे तिकडे मी चालवून घेतो, तीनच्या वर असला तर परत कर, कारण ९ मिलवर तीन टक्के म्हणजे १००० यार्डाला जवळजवळ १० इंच. आणि दुसरी गोष्ट याच टेस्टमध्ये कळते, वरच्या गोळ्या त्या उभ्या रेघेवरच आहेत की बाजूला सरकल्यात. सरकल्या असतील तर एक तर रेटिकल तिरकं बसलंय किंवा टरेट तिरका चालतोय. शेवटी परत झिरोवर आण आणि तीन गोळ्या मार, त्या पहिल्या ग्रुपमध्येच पडल्या पाहिजेत. जो स्कोप झिरोवर परत येत नाही त्याचा आकडा लिहूनही उपयोग नाही, कारण तो दर वेळी वेगळं खोटं बोलतो. गोळ्या महाग वाटत असतील तर एवढ्या तेरा गोळ्या हा तुझा वर्षातला सगळ्यात चांगला खर्च समज.

टरेटला झिरो स्टॉप, म्हणजे परत फिरवताना झिरोवर अडवणारा अटकाव पाहिजे. लांब मारून झाल्यावर घाईत परत फिरवताना एक पूर्ण फेरा राहून गेला की पुढची गोळी थेट दहा मिल वर, ती बर्मच्या, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या, वरून कुठे जाईल सांगता येत नाही, हा नुसता स्कोअरचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. बाजूचा टरेट लॉक होणारा किंवा टोपीवाला असला तर बरं, बॅगेतून काढताना घासून फिरतो आणि माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो.

मग किती फिरतो ते बघ, म्हणजे एकूण ट्रॅव्हल. ३० मिमी नळीच्या बऱ्याच स्कोपांमध्ये वर-खाली मिळून २० मिलच्या आसपास असतो. त्यातला अर्धाच वर, म्हणजे १०. तुला ९ लागतात. कागदावर बसतं पण टोकाला बसतं, आणि टोकाला गेल्यावर दोन त्रास होतात, एक म्हणजे आतली नळी गोल असल्यामुळे वर टोकाला गेली की बाजूला सरकायला जागा कमी उरते, दुसरं म्हणजे भिंगाच्या कडेतून बघावं लागतं, चित्र खराब होतं. म्हणून २० एमओएची रेल, म्हणजे रायफलीवर स्कोप बसवायची पट्टी, लाव. ती मागून जरा उंच असते, तिच्यामुळे ५.८ मिल फुकटात मिळतात, १० चे जवळजवळ १६ झाले. पण कोणी म्हणालं की मग ४० एमओएचीच लाव की, तर थांब, ४० म्हणजे ११.६ मिल, तुझ्या २० मिलवाल्या स्कोपला खाली फक्त १० आहेत, १०० यार्डावर झिरोच होणार नाही. ३४ मिमीच्या नळीत जास्त ट्रॅव्हल मिळतो, त्यासाठीच ती जाड असते. जाड नळीने उजेड जास्त येतो असं दुकानात सांगतील, उजेड पुढच्या भिंगाने आणि कोटिंगने ठरतो. काचेवर परावर्तन कमी करणारं कोटिंग १९३५ला झाइसमध्ये स्माकुलाने शोधलं, आज चांगल्या स्कोपमध्ये प्रत्येक काचेवर ते अनेक थरांचं असतं, आणि त्यामुळेच आता बाराशे डॉलरच्या जपानी-फिलिपिनी काचेतूनही .३०च्या गोळीची भोकं दोनशे यार्डावर दिसतात. मित्राला सांग जर्मन काच सुंदरच असते, माझं भांडण नाही, पण त्या पैशात तुझ्या गोळ्या, स्कोप धरणाऱ्या रिंगा आणि रेंजची फी सगळं निघतं.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की रेघ टार्गेटवर सरकलेली दिसणं, हे थोडक्यात. बाजूला जी गोल नॉब असते तिच्यावर अंतराचे आकडे छापलेले असतात, त्या आकड्यांवर जाऊ नको. आधी डोळ्याकडची डायोप्टर (रेघा स्पष्ट करणारी रिंग) लाव, आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघून, एकदम दोन सेकंद बघायचं आणि नजर काढायची, पहिल्या क्षणात रेघ काळीकुळकुळीत दिसली पाहिजे, जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग टार्गेटकडे बघून डोकं जरासं वर-खाली कर, रेघ टार्गेटवर सरकत असेल तर नॉब फिरव, थांबली की झालं. १०० यार्डावर फिक्स पॅरॅलॅक्स असलेल्या ५० मिमीच्या स्कोपने तू १००० वर मारलंस आणि डोळा पार कडेला असला तर नेमाची चूक ९ इंचांपर्यंत जाते, म्हणून ही बाजूची नॉब (साईड फोकस) नसलेला स्कोप तुझ्या कामाचा नाही.

रिंगा आणि बसवणं यावर लोकं पैसे वाचवतात आणि मला फार चिडायला होतं. बाराशेमधले दीडशे-दोनशे डॉलर रेल, चांगल्या रिंगा किंवा एकसंध माउंट, टॉर्क स्क्रूड्रायव्हर आणि एक छोटा लेव्हल यांना ठेव, हजारचाच स्कोप बघ. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक स्कोपवाले १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, तुझ्या स्कोपच्या आणि रिंगच्या कागदात काय लिहिलंय ते बघून जे कमी असेल ते धर, हाताच्या अंदाजाने आवळू नको, नळी चेपली की आतलं सगळं अडकायला लागतं आणि मग टरेट क्लिक देतो पण रेटिकल हलत नाही. डोळ्याचं अंतर बसवताना आडवं पड, कारण बसून बसवलं की आडवं पडल्यावर डोकं पुढे जातं. पॉवर सगळ्यात वर ठेव, डोळे मिट, गाल दस्त्यावर नीट टेकव, डोळे उघड. चित्र पूर्ण दिसलं तर बरोबर, कडा काळ्या दिसल्या तर स्कोप सरकव, मान सरकवू नको.

आणि ते रेटिकल सरळ. रायफल लेव्हल करून ५० यार्डावर ओळंबा टांग, उभी रेघ त्या दोरीवर आण, मग आवळ. मग स्कोपवर लेव्हल लाव आणि मारताना रोज बघ. रायफल ३ अंश वाकडी धरलीस तर ९ मिलच्या चढावर ती ०.४७ मिल बाजूला जाते, १००० यार्डावर १७ इंच. ३ अंश किती असतात माहितीये? डोळ्याला कळत पण नाहीत, विशेषतः उतारावर बसलेलं असलं की. कितीतरी लोकं याला वारा समजून वारा शिकत बसतात.

नावं विचारलीस म्हणून सांगतो, तुझ्या पैशात व्होर्टेक्सचा व्हायपर पीएसटी जेन टू ५-२५x५० (पॉवर, मग पुढच्या भिंगाचे मिमी) आणि ॲथलॉनचा अॅरेस ईटीआर ४.५-३०x५६ हे बघ, दोन्ही फर्स्ट प्लेन मिलमध्ये मिळतात, झिरो स्टॉप आहे. व्होर्टेक्सची वॉरंटी स्कोपबरोबर चालते, पावती नसली आणि तू दुसरा मालक असलास तरी, त्यामुळे त्यांचा वापरलेला घ्यायला मी घाबरत नाही. पैसे अजून कमी करायचे असले तर आर्केनचा ईपी५ ५-२५x५६, जड आहे, किलोच्या वर, काच मध्यम, पण तुला टरेट शिकायला पुरतो आणि उरलेल्या पैशाच्या गोळ्या घे. आणि कोणाकडे एसडब्ल्यूएफएचा फिक्स १०x४२ पडलेला असला तर हातात घेऊन बघ, मला तो साधा स्कोप फार आवडतो, त्यात फिरायला कमी आहे म्हणून बिघडायलाही कमी आहे. यातला कुठलाही घेतलास तरी वरची कागदाची टेस्ट सुटत नाही, कंपनी चांगली म्हणजे तुझ्या हातातला तुकडा चांगला असं नसतं. रेटिकल फार गजबजलेलं घेऊ नको, ख्रिसमस ट्रीसारखी खाली पसरत जाणारी जाळी असते, ती काही लोकांना आवडते, पण गोळी पडल्यावर उडालेली धूळ त्याच जाळीमागे लपते. बाजूला ०.२ मिलच्या खुणा आणि मध्ये बारीक ठिपका, रेघेची जाडी ०.०३ मिलच्या आसपास, हजारवर ती एक इंच झाकते, तेवढं चालतं. रेघा उजळवणारा लाल दिवा असला तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नको.

दमट गावात राहतोस म्हणून एक सांगायचं राहिलं. आतून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो त्यामुळे आत धुकं धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते तशी तिकडेही धरेल, रायफल फोमच्या केसमध्ये बंद करून महिनोन् महिने ठेवू नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या बदलत राहा. धूळ आधी फुंकणीने उडव, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड. शर्टाच्या टोकाने पुसलेल्या काचा मी इतक्या बघितल्यात की आता कोणी शर्ट पुढे केला तरी हात धरतो. आणि हा नवीन स्कोप इंदूरला आल्यावर बाबांच्या त्या जुन्या स्प्रिंगच्या एअरगनवर लावून बघायचा मोह होईल, मुळीच लावू नको. स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि मग पिस्टन आपटला की पुढे असा दोन्हीकडे झटका देते, मोठ्या रायफलीचे झटके खाणारे स्कोपसुद्धा त्या पुढच्या झटक्याने ढिले होतात, एअरगनसाठी लिहिलेलाच स्कोप तिच्यावर टिकतो.

तू आता असं कर, क्लबमध्ये विचार कुठला खेळ चालतो आणि लोकं मिलमध्ये बोलतात का, रायफलीवर रेल आधीच किती एमओएची बसवलेली आहे ते बहुतेक तिच्यावर कोरलेलं असतं ते वाच, आणि हे दोन्ही मला कळव. स्कोप आल्यावर कागदावरच्या दोन्ही ग्रुपचा फोटो पाठव, शेजारी टेप धरून, मग आपण तुझा आकडा काढू.